पुरुषवाडी-भंडारदऱ्याला काजव्यांचे फोटो काढायचेत, सेटिंग काय ठेवू? आणि फोटोत हजारो काजवे दिसतात ते एका क्लिकमध्ये येतात का?

नाही, एका क्लिकमध्ये येत नाहीत. एकाच जागेवरून काढलेले बरेच फोटो एकावर एक चढवलेले असतात. ट्रायपॉड लागतोच, आणि अंधार पडायच्या आधी उजेडात झाडावर फोकस करून लेन्स मॅन्युअल फोकसवर टाक, नंतर अंधारात ऑटोफोकस नुसता शोधत बसतो. त्याच वेळी झाडाचा एक फोटो काढून ठेव, तो बेस म्हणून, म्हणजे सगळ्यात खालचा थर म्हणून, कामी येतो.

मग रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) २.८ किंवा त्याहून मोठं, म्हणजे आकडा २.८ किंवा कमी, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, शटर २०-३० सेकंद. काजव्याचा ठिपका किती उजळ येणार हे अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरतं, शटर वाढवून फक्त ठिपक्यांची संख्या वाढते आणि आकाश उगाच पांढरं पडतं, म्हणून शटर ताणत बसू नकोस. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेव, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकतो. व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर नको, सगळ्या फोटोंना एकच ठेव.

घरी येऊन फोटोशॉपमध्ये सगळे लेयर घे आणि बेस सोडून बाकीच्यांना लायटन मोड लाव (त्यात प्रत्येक जागी जास्त उजळ असलेला ठिपकाच दिसतो), फुकटच्या जिंपमध्येही होतं.

आणि प्लीज, तिथे टॉर्च-फ्लॅश अजिबात नको. काजव्यांचा उजेड म्हणजे नर-मादीने एकमेकांना दिलेली खूण असते, आपल्या लाइटने ती तुटते.