भिंतीला बोट लावा, भार नको

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी डाव्या कानातल्या तोलाच्या नसेला सूज आली होती. गरगरणं थांबलं, पण तलावपाळीला फेरी मारताना अंधार पडला की पाय डावीकडे ओढतात. काठी घेतली तर तिची सवय लागेल का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काठी घ्या, पण तिच्यावर भार टाकू नका. तोलासाठी मेंदू तिघांकडून खबर घेतो : डोळे, आतला कान, आणि तळवे व सांधे. तुमचा एक कान अर्धवट खबर देतो आणि अंधारात डोळेही कमी पडतात. अशा वेळी बोटाचं टोक कामाला येतं. 100 ग्रॅमपेक्षा कमी दाबाने शरीर पेललं जात नाही, पण आपण कुठे कलतोय ते मेंदूला कळतं. हा दाब किती हलका असतो, ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट टेकवून एकदा पाहाच.

सराव घरच्या पॅसेजमध्ये करा. अनवाणी, आणि मागे कुणीतरी हवं. भिंतीला तर्जनी टेकवून, टाचेला अंगठा जोडत 10 पावलं चाला. जमलं की बोट इंचभर दूर धरा. तेही जमलं की चालताना मान हळूहळू डावी-उजवीकडे वळवा. दिवसातून तीनदा, 5-5 मिनिटं. थोडं गरगरेल, पण थांबल्यावर एक-दोन मिनिटांत ओसरायला हवं. नाही ओसरलं, तर एक पायरी मागे या.

बहुतेकांचं बिनसतं ते पायांकडे बघत चालल्याने. मग मेंदू डोळ्यांवरच विसंबतो आणि दिवे गेले की पंचाईत होते. जाड फोमच्या चपलाही नकोत, त्यात तळव्यांना जमीन कळत नाही. आणि फार जपून, हळूहळू चालू नका! सपाट, मोकळ्या रस्त्यावर जरा झपझप चाललं, तर पाऊल उलट कमी भरकटतं.

सिनारिझिनसारखी चक्करेची गोळी अजून चालू असेल, तर डॉक्टरांना विचारा. ती लांबली की मेंदूचं जुळवून घेणं मंदावतं. बोलणं अडखळलं, एकाची दोन दिसू लागली किंवा अचानक ऐकू येईनासं झालं, तर व्यायाम सोडून थेट रुग्णालयात जा.

प्रश्न : कंबरेला बांधायचा कंप देणारा पट्टा घ्यावा का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : पट्ट्यातला सेन्सर शरीर कललेलं ओळखतो आणि त्या बाजूची छोटी मोटर थरथरते. दोन्ही कानांतला तोलाचा भाग निकामी असेल, तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वापरून बघण्यासारखा आहे. एकाच कानाचा त्रास असेल, तर आधी वरचा सराव करा.