नीटमध्ये गुण थोडे कमी पडले. बेळगावच्या विद्यार्थ्याने एमबीबीएससाठी पुन्हा परीक्षा द्यावी का?

आपल्या प्रवर्गाच्या गेल्या वर्षीच्या शेवटच्या फेरीतील कटऑफपासून आपण थोडेच दूर असाल आणि गुण मुख्यतः जीवशास्त्रात किंवा चुकीच्या उत्तरांच्या वजावटीत गेले असतील, तर परीक्षा जरूर पुन्हा द्यावी. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असल्याने तिथली तूट नेटाने भरून काढता येते. भौतिकशास्त्राचा पायाच कच्चा असेल, तर मात्र एक वर्ष अपुरे पडू शकते. निर्णयापूर्वी केईएच्या (कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या) प्रवेशाच्या सर्व फेऱ्या पाहाव्यात, आणि आपले गाव सीमाभागातील ८६५ गावांपैकी असून मातृभाषा मराठी असल्यास महाराष्ट्रातील सीमाभागाच्या राखीव जागांचे नियमही नीट वाचावेत. केवळ माहितीअभावी ही संधी हुकू नये, असे मनापासून वाटते. यंदाचे गुण पुढील वर्षीच्या एमबीबीएस प्रवेशासाठी धरले जात नाहीत.