सुरुवात रागापासून करा

वेगवेगळ्या परंपरांचे विचार शेजारी ठेवून वाचायचे, वहीत नोंदी करायच्या, तर गीता, धम्मपद (बुद्धवचनांचा संग्रह), सेनेका (रोमन स्टोइक तत्त्वज्ञ) असं सगळं एकदम काढून बसू नका. एकच विषय धरा, राग, आणि तिघांना विचारा. गीता २.६२-६३ मध्ये क्रम आहे: विषयांचं चिंतन, आसक्ती, काम (म्हणजे इच्छा), मग क्रोध, पुढे संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश. क्रोध मधे येतो, म्हणून इलाज आधीच्या कडीवर. सेनेकाचा मुख्य उपाय म्हणजे थांबणं. विरार लोकलमध्ये कोपर बसलं की तोच आधी कामी येतो. गीतेचा क्रम रात्री निवांत उलटा तपासावा. धम्मपदाचा १७वा वर्ग, म्हणजे प्रकरण, क्रोधावरच आहे: अक्रोधाने क्रोध जिंका.

इथेच नवखे ‘सगळे एकच सांगतात’ म्हणून वही मिटतात. साफ चूक! बुद्धाला तृष्णेचा क्षय हवाय. कृष्णासमोर युद्धाला उभा अर्जुन आहे. प्रत्येक नोंदीशेजारी लिहा: कोणाला सांगितलं, कशासाठी.