गावातनं लोडेड गाडी काढताना

नवीन आहेस म्हणून सांगतो, मनावर घे. हायवेवर तासभर ऐंशीनं चालवून आलास की गावात शिरल्यावर साठसुद्धा हळू वाटतं, डोळे फसवतात रे, म्हणून अंदाजावर जाऊ नको, काट्याकडे बघ. लिमिटचा बोर्ड लांबून दिसला की तिथनंच पाय काढ, गिअर खाली घे. साठला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपलं, त्यात एअर ब्रेक धरायला अजून थोडा वेळ आणि मागे माल भरलेला. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावरचं अंतर चौपट होतं, हे डोक्यात पक्कं बसव.

माझ्यासमोर एकदा उभ्या बसच्या पुढनं एक पोरगी धावत आली, आधी बसच्या खालनं फक्त तिची चप्पल दिसली, तीसवर होतो म्हणून गाडी थांबली, हात नंतर बराच वेळ थरथरत होते.

आणि पळवून वाचतं काय? दोन किलोमीटरचं गाव साठनं दोन मिनिटं, चाळीसनं तीन. मागचा हॉर्न मारत असेल तर मारू दे, रात्री रस्ता मोकळा दिसला तरी स्पीड तोच ठेव.