एडिनबरात मिस्टरांचा वेळ कसा जाईल?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूरहून एडिनबराला नर्सच्या नोकरीवर यायचं ठरलंय, मिस्टर आणि सहा वर्षांची मुलगी सोबत येणार, तुमची ड्यूटी बारा-बारा तासांची. मग या दोघांचा दिवस कसा जाईल, खिशाला चाट न लावता जाण्यासारखं तिथं काही आहे का, आणि एकटेपणा येतो का? दुसरं कुणीतरी उत्तर देईल म्हणून मी गप्प होतो. पण राहवलं नाही, कारण तुमचे मिस्टर जे होणार आहेत ते मी इथं आलो तेव्हा होतो. नोकरी बायकोची, व्हिसा बायकोच्या नावावर, मी मागून आलेला नवरा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावचा.

व्हिसा, नर्सिंगची नोंदणी, पगार, घरभाडं यावर काही लिहीत नाही. ते सगळं सरकारी साइटवर आहे आणि तिथलंच खरं धरायचं.

आधी लायब्ररी. लातूरच्या माणसाला मी काय सांगू, आपल्याकडं लायब्ररी म्हणजे आता अभ्यासिका: महिन्याचं भाडं देऊन घेतलेली खुर्ची, प्लायवुडचं पार्टिशन आणि चार्जिंगचा पॉइंट. जुनी वाचनालयं आहेत, 1967च्या कायद्यानं त्यांना अ-ब-क-ड वर्ग लावून अनुदानही मिळतं, पण तिथं आधी अनामत, मग वर्गणी, मग काउंटरच्या अलीकडं उभं राहून पुस्तकाचं नाव सांगायचं. ते आत शोधणार, आपण बाहेर थांबणार. इथं एडिनबराच्या कौन्सिलची (म्हणजे इथली महानगरपालिका) 28 ग्रंथालयं आहेत, वर्गणी नाही, अनामत नाही, आणि कपाटं उघडी. दिवसभर बसा, काही न वाचता बसा, कुणी उठवत नाही. मला तर पहिल्या हिवाळ्यात पुस्तकांपेक्षा तिथल्या हीटरचं कौतुक जास्त होतं. घरातलं गॅसचं बिल बघितलं की दुपारी घर तापवायची छाती व्हायची नाही.

सेंट्रल लायब्ररी जॉर्ज फोर्थ ब्रिजवर आहे. नावात ब्रिज आहे ते खरंच: तो रस्ता म्हणजे पूल आहे, म्हणून दारातून आत गेलं की मजले खाली उतरत जातात. पन्नास हजार पौंड अँड्र्यू कार्नेगीनं दिले, 1890 साली ती उघडली. गंमत म्हणजे त्याआधी याच शहराच्या करदात्यांनी ग्रंथालयाचा कर नको म्हणून कायदा फेटाळून लावला होता. फुकटचे पैसे समोर आले तेव्हा 1886 मध्ये तयार झाले. हे वाचल्यावर मला या लोकांबद्दल जरा आपलेपणा वाटला. आत मुलांचा वेगळा विभाग आहे. समोर नॅशनल लायब्ररी आहे, पण तिथली पुस्तकं घरी नेता येत नाहीत. आणि पाच मिनिटांवर चेंबर्स स्ट्रीटला नॅशनल म्युझियम, तिकीट नाही. पावसाच्या दिवशी (म्हणजे बहुतेक दिवशी) म्युझियम, मग लायब्ररी, मग घर, असा आमचा फेरा असायचा. डबा घरून.

तुमची मुलगी सहाची, म्हणजे तिला ‘बुकबग’ लागू नाही, ते पाच वर्षांच्या आतल्यांसाठी. तरी सांगतो. लायब्ररीत गोल बसून आई-बाळांनी गाणी म्हणायची, अर्धा तास. धाकटी वर्षाची होती म्हणून मी तिला घेऊन जायचो. सगळ्या आया, दोन-चार आज्या, आणि मी एकटा बाप्या. टाळ्या वाजवायच्या, हातवारे करायचे, रंगीत रुमाल उडवायचे. परभणीत माझ्या हाताखाली माणसं होती. त्या गोलात बसलेलं मला कुणी ओळखीच्यानं बघितलं असतं तर, असं मनात यायचं, आणि तसं मनात आल्याचा रागही यायचा. बायकोला मी म्हणायचो, मस्त चाललंय.

मुलीसाठी कामाची गोष्ट म्हणजे उन्हाळ्यातलं ‘समर रीडिंग चॅलेंज’. इथं सुट्टी जूनअखेरपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असते, मे महिन्यात नाही. त्या सुट्टीत लायब्ररीतून सहा पुस्तकं नेऊन वाचायची, शेवटी सर्टिफिकेट आणि मेडल. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत.

आता शाळेचं लिहायला घेतलं की माझं डोकं फिरतं, पण तुमची मुलगी त्याच वयाची आहे म्हणून लिहितो. इथं आपल्या पत्त्याला एक शाळा ठरलेली असते. पण वर्ग भरला तर भरला. पहिलीला पंचवीस, दुसरी-तिसरीला तीस ही मर्यादा आहे. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या शाळेत जागा नव्हती, पोराला दोन बस बदलून लांबच्या शाळेत जावं लागलं. ते मी सहन केलं. पुढचं नाही. थोरला परभणीत इंग्रजी शाळेत होता, इंग्रजी गोष्टींची पुस्तकं घडाघडा वाचायचा. नव्या शाळेत बाईंनी त्याला शब्द नसलेली पुस्तकं दिली. नुसती चित्रं. कितीतरी महिने. का, तर ‘आधी त्याला रुळू द्या’. त्याच आठवड्यांत लायब्ररीतली ग्रंथपाल बाई त्याच्या हातात दीडशे पानांची पुस्तकं देत होती आणि तो परत करताना तिला शेवट सांगत होता. त्या उन्हाळ्याचं सर्टिफिकेट मी शाळेत नेऊन दाखवलं. ‘लव्हली’ म्हणाल्या आणि टेबलावर ठेवलं. पोरगा आता मोठ्या शाळेत आहे, त्याला यातलं काही आठवतही नाही. मला ती चित्रांची पुस्तकं आजही डोळ्यांपुढं दिसतात. तर मुलीला वाचता येत असेल तर पहिल्याच दिवशी बाईंसमोर वाचून दाखवायला लावा, लाजू नका. आपण ‘गुरुजनांना काय सांगायचं’ म्हणून गप्प बसतो, आणि इथं गप्प बसलेल्याला काही अडचण नाही असं धरतात.

शाळेसाठी जन्माचा दाखला लागतो. तो आजच काढून बघा. आमच्या थोरल्याच्या दाखल्यावर नावच नव्हतं, फक्त ‘पुरुष’ आणि आई-बापाचं नाव. आपल्याकडं कितीतरी दाखले असेच असतात, बारशाच्या आधी नोंद झालेली. नाव चढवायला माझा म्हातारा बाप उन्हात त्या कार्यालयात हेलपाटे घालत होता, आणि तिथला माणूस त्याला विचारायचा, मुलगा स्वतः का येत नाही? दुसरं, पत्त्याचा पुरावा. घराचा करार बायकोच्या नावावर, लाइटबिल तिच्या नावावर, बँकेला माझ्या पत्त्याचा पुरावा हवा आणि बिलावर नाव घालायला बँकेचं खातं हवं. गोल फिरत राहिलो. घराच्या करारात मिस्टरांचं नाव पहिल्या दिवसापासून घालून घ्या. मला माझ्या नावाचं या देशातलं पहिलं कार्ड मिळालं ते लायब्ररीचं. अजून पाकिटात आहे, आता ते घासून पांढरं झालंय.

जुन्या पुस्तकांची दुकानं बघायची तर वेस्ट पोर्ट नावाच्या रस्त्याला जा. ‘आर्मचेअर बुक्स’मध्ये छतापर्यंत फळ्या आहेत, मधून माणूस आडवाच जातो. जवळच ‘एडिनबरा बुक्स’, तिथं भिंतीवर म्हशीचं भलंमोठं मुंडकं टांगलंय, त्याला नावही ठेवलंय, क्लॅरेन्स. आमच्या धाकटीनं त्याला बघून बोट केलं आणि ‘मशी’ म्हणाली, तेवढा एक मराठी शब्द तिचा अजून शाबूत आहे. मेडोज नावाच्या बागेच्या टोकाला ‘टिल्स’ हे असंच दुकान आहे. पण मुलीची पुस्तकं या दुकानांत नका घेऊ, ऑक्सफॅम किंवा कुठल्याही चॅरिटी शॉपमध्ये (लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकणारं दुकान) घ्या. पौंडा-दोन पौंडांत मिळतात, वाचून झाली की तिथंच परत देऊन टाका. आपल्याकडचे जुने पुस्तकवाले म्हणजे गाइड, अपेक्षित आणि गेल्या वर्षीचे प्रश्नसंच. कॉलेजात असताना एकदा हैदराबादला अॅबिड्सच्या रविवारच्या पुस्तकबाजारात फूटपाथवर बसून दिवस काढला होता, तो आनंद मला इथं परत मिळाला. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. इथं एका लायब्ररीत उर्दूचं कपाट सापडलं तेव्हा त्यांची फार आठवण आली, पण मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. मराठी मात्र मला इथं कपाटात कुठं दिसलं नाही. मुलीची मराठी पुस्तकं सामानात आणा, लोणच्याची बरणी एक कमी करा.

बागा भरपूर आहेत. मेडोज सगळ्यांत मोकळी, शहराच्या मधोमध, पोरांसाठी झोके-घसरगुंड्या, एप्रिल-मेच्या सुमाराला चेरीचा बहर. तुम्ही लातूरच्या म्हणून सांगतो: ही बाग मुळात तळं होती. शहराचं पाणी तिथून यायचं. अठराव्या शतकात यांनी ते आटवून मैदान केलं, आणि 1827च्या कायद्यानं तिथं बांधकामाला बंदी घातली. 2016 ला तुमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तळं आटवल्याचं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मेडोजमध्येच बाकावर बसलो होतो, आणि खरं सांगतो, संताप आला. कुणाचा ते कळलं नाही.

मुलगी कुत्र्यांना भीत असेल तर मेडोजला आधी जाऊ नका, तिथं कुत्री मोकळी सोडलेली असतात. बोटॅनिक गार्डनला जा. तिथं कुत्री आणता येत नाहीत, बाहेरच्या बागेला तिकीट नाही. चेंडू आणि सायकल मात्र तिथं चालत नाही. इन्व्हरलीथच्या तळ्यावर हंस आहेत, ते बोटॅनिकच्या समोरच्या बाजूला. बसला 22च्या आतल्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण पाच वर्षांवरच्या मुलीचं कार्ड काढावं लागेल. आणि हे कुणी सांगत नाही: एडिनबरात शुक्रवारी शाळा दुपारी बारा-साडेबाराला सुटते. ड्यूटी लावून घेताना लक्षात ठेवा. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो, त्यामुळं शाळा सुटल्यावर बाग नाही, लायब्ररीच.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. सवय होते.

आता मिस्टरांचं. बागेत किंवा लायब्ररीत कुणी त्यांना ‘काय करता’ विचारणार नाही, म्हणून त्यांना तिथं बरं वाटेल. मलाही त्याचसाठी बरं वाटायचं. पण संध्याकाळी फोन येतो. आई विचारायची, “काय करायलास रे तिकडं?” मी सांगायचो, ऑनलाइन कोर्स करायलोय. कोर्स नव्हता. मी पोरांना सांभाळत होतो, भाजी टाकत होतो, लायब्ररीत बसून जुने अंक चाळत होतो. ते काम नाही असं मला कुणी म्हटलं नव्हतं. पुढं नोकरी मिळाली, बरी आहे, तरी ती वर्षं परभणीत अजून कुणाला ठाऊक नाहीत. सुट्टीच्या दिवशी आजही मराठी मंडळींकडं जेवायला जायच्या ऐवजी मी सेंट्रलच्या खालच्या मजल्यावर जाऊन बसतो. बायको म्हणते तुला वाचनाची आवड आहे. असेल.

तर तुमच्या मिस्टरांनी घरी काय सांगायचं ते विमानात बसायच्या आधी ठरवा, दोघांनी मिळून, आणि सासूबाईंना ते त्यांनी स्वतः सांगू दे. ‘मी घर बघणार आहे’ एवढं एक वाक्य लातुरात बोलता आलं तर इथं त्यांना कोर्स काढावा लागणार नाही. आणि पुढचा प्रश्न त्यांचा असेल तर त्यांनाच विचारू द्या. रात्री पोरं झोपली की मी मोकळा असतो.