बंद जनेलामागचा इंग्रजीचा क्लास

एप्रिल महिन्यात पावणेपाच वाजले की सुषमा आपल्या खोलीची दोन्ही जनेलं, म्हणजे खिडक्या, लावून घ्यायची. मग पंखा बंद. मग दाराच्या फटीला जुनी चादर. गळ्याभोवती ओला टॉवेल, आणि तो लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून वरून ओढणी. पाच वाजता हसून "हॅलो". गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला उन्हाळा ज्यांनी काढलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

सुषमा हे तिचं खरं नाव नाही, गावाचं नावही मी लिहीत नाही. तिला विचारूनच ही गोष्ट सांगतेय, कारण गेल्या काही वर्षांत हीच काळजी घेऊन माझ्यासारख्या समुपदेशकाकडे, डिचोलीला, बऱ्याच जणी आल्या. शिकलेल्या, बी.एड. झालेल्या, मुलं लहान म्हणून शाळेची नोकरी सोडलेल्या, आणि आता घरून परदेशातल्या लोकांना इंग्रजी शिकवणाऱ्या. प्रश्न सगळ्यांचा एकच: "इंग्रजी माझी मातृभाषा नाही, माझे उच्चार मराठी वळणाचे. मग मी पैसे घेऊन शिकवणं ही फसवणूक नाही का?"

सुषमा 33 वर्षांची. नवरा होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीला, घरी सासूबाई, सात वर्षांचा मुलगा, थोडी काजूची झाडं. एका कंपनीच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन शिकवायला लागून दीड वर्ष झालं होतं. तुर्कस्तानातली एक नर्स, जपानमधले एक अभियंता, ब्राझीलच्या साव पावलो शहरात बँकेत काम करणारा एक तरुण हे तिचे नेहमीचे विद्यार्थी, बाकीचे येऊन-जाऊन. तिची तक्रार अशी, की क्लासच्या अर्धा तास आधीपासून छातीत धडधडतं, रात्री झोप लागत नाही आणि घसा कायम बसलेला असतो.

धडधड म्हटल्यावर मी तिला आधी फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी. मनाचं नाव घेण्याआधी शरीर तपासून घ्यावं, हा माझा नेम आहे. सगळं ठीक निघालं. (झोप पूर्णच उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मात्र भेटीची वेळ मिळेपर्यंत थांबू नका. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक कुठल्याही वेळी लावता येतो.)

घसा मात्र मला खटकत होता. सहा वर्षं शाळेत दिवसाला चार-पाच तास बोलूनही सुषमाचा घसा असा बसला नव्हता. दुसऱ्या भेटीत मी तिला म्हटलं, "तुम्ही शिकवताना कशा बोलता, ते मला ऐकायचंय." तिच्याकडे काही तासांची रेकॉर्डिंग होती. तिने मोबाइल टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली.

ऐकून मी चकित झाले. समोर बसलेल्या बाईचा आवाजच नव्हता तो. 'र' गुंडाळलेला, स्वर ताणलेले, शब्द नाकातून काढलेले. अमेरिकन व्हिडिओ बघून बघून उचललेलं बोलणं. पन्नास मिनिटं हे सोंग वठवायचं, त्यात व्याकरणही शिकवायचं! घसा बसणार नाही तर काय होणार?

हे कधीपासून, विचारलं तर तारीख सांगावी तसं तिने सांगितलं. आठ महिन्यांपूर्वी एका चाचणी तासानंतर (शिकवणं पटतं का, हे बघायचा पहिला तास) कुणीतरी अभिप्राय लिहिला होता: बाई चांगल्या आहेत, पण उच्चार अस्सल नाहीत. तीन तारे. ते वाक्य तिला शब्दन् शब्द पाठ होतं. तिच्या पानावर चाळीसहून अधिक चांगले अभिप्राय होते. त्यातला एक सांगा म्हटलं, तर एकही आठवेना.

तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये मागून पों-पों आवाज आला. सुषमाने पटकन मोबाइल उचलला. "पोदेर येतो ना संध्याकाळचा, सायकलवर पाव घेऊन. जनेल लावलं तरी ऐकू जातं." ब्राझीलच्या मुलाने तेव्हा विचारलं होतं, कसला आवाज? "मी म्हटलं, ट्रॅफिक."

तिच्या घरावरून दिवसातून मोजून चार बस जातात.

मी पेन खाली ठेवलं. आतापर्यंत आम्ही उच्चारांबद्दल बोलत होतो, पण ही बाई आठ महिने उच्चार लपवत होतीच, शिवाय पोदेर लपवत होती, आंगणात काजूच्या बोंडांच्या बिया काढत बसलेल्या सासूबाईंचा आवाज लपवत होती, घर लपवत होती. आम्ही समुपदेशक याला बचावाची युक्ती म्हणतो. माणूस भीतीपोटी काहीतरी झाकतो, त्या दिवशी काही वाईट घडत नाही, आणि मन हिशोब मांडतं की झाकलं म्हणून वाचलो. उद्या आणखी एक जनेल लावावंसं वाटतं. उघडं ठेवूनही काही बिघडलं नसतं, हे मनाला कळायची वेळच येत नाही.

ही भीती तीन ताऱ्यांनी जन्माला घातलेली नव्हती. तिसऱ्या भेटीत ती तिच्या शाळेबद्दल बोलली. गोव्यात 1990 च्या धोरणाने प्राथमिक शाळांना सरकारी अनुदान मिळायचं ते मराठी किंवा कोकणी माध्यमालाच. त्यामुळे तिच्या पिढीतल्या गावच्या मुलांनी चौथीपर्यंत मराठीतून शिकायचं आणि पाचवीत हायस्कूलला गेलं की गणित, विज्ञान, भूगोल सगळं एकदम इंग्रजीतून. माध्यमाचा वाद इथे अजून पेटतो, त्यात मी शिरत नाही. मराठीतून पाया पक्का होतो असं माझं स्वतःचं ठाम मत आहे. पण त्या एका जूनमध्ये किती मुलं मुकी झाली, याची कुणी नोंद ठेवली नाही. सुषमाला पाचवीत वारांची नावं वाचायला उभं केलं आणि तिने लिहिलंय तसं वाचलं: वेड-नेस-डे. वर्ग हसला. शिक्षकही हसले. "मॅडम, अजून बुधवार म्हणताना मी आतल्या आत एकदा म्हणून बघते."

मग मी विचारलं, "तुमचे विद्यार्थी हा शब्द कसा म्हणतात?"

ती थांबली. तुर्कस्तानातली नर्स तस्संच म्हणायची, वेड-नेस-डे. आणि सुषमाने तिला काय केलं? कागदावर शब्द लिहून पहिल्या 'डी'वर आणि मधल्या 'ई'वर काट मारून दाखवली आणि म्हणाली, ही अक्षरं बघायची, बोलायची नाहीत. नर्सने पुन्हा कधी चूक केली नाही. जपानी अभियंत्यांचंही असंच. त्यांच्या भाषेत 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत, आपल्याही नाहीत. जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस पुष्कळदा सांगतो, इथे 'द' बरोबर वाटतं म्हणून घालायचं. सुषमाला तसं कधीच वाटलं नव्हतं. ती एकेक नियम, एकेक अपवाद घासून शिकली होती, म्हणून तिला शिकवता येत होतं. जगात इंग्रजी दुसरी भाषा म्हणून बोलणारे लोक ती मातृभाषा असणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. ही नर्स उद्या जर्मनीत किंवा कतारमध्ये इंग्रजी बोलणार आहे, ती बहुतेक अशाच लोकांशी.

कर्तबगार माणसाला आपण लबाडी करून इथवर आलो असं वाटत राहणं, याचं वर्णन पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्येच 'इम्पोस्टर फिनॉमिनन' या नावाने केलं होतं, आणि तेही यशस्वी स्त्रियांना भेटूनच. सुषमाला हे सांगितल्यावर थोडं बरं वाटलं. पण नाव कळल्याने धडधड जात नाही. आणि "आत्मविश्वास वाढवा" हा सल्ला तर मी कुणालाच देत नाही. तो काय दुकानात मिळतो?

आम्ही केलं ते एवढंच, की उच्चार सुधारणं आणि उच्चार लपवणं यांची फारकत केली. सुधारण्यासारखं खरंच काही होतं. मराठीत 'व' एकच, इंग्रजीत दोन. एकात वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो, दात लागत नाहीत. सुषमाच्या बोलण्यात 'वेस्ट' म्हणजे बनियन की पश्चिम दिशा, ते कळत नव्हतं. हा दोष शिकणाऱ्याला नडतो, तर तो काढायचा. घरी आरशासमोर रोज दहा मिनिटं. दुसरं, शब्दातल्या आघाताचं. आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने बोलतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची दबवावी लागतात. तेही सरावाने जमतं. तिला दीड-दोन महिने लागले. पण गुंडाळलेला 'र' आणि नाकातले स्वर त्याच आठवड्यात सोडायचे ठरले. त्यांनी कुणाचंच भलं होत नव्हतं.

एक गोष्ट मी तिच्यापासून लपवली नाही. काही ऑनलाइन कंपन्या ठराविक चार-पाच देशांचे पासपोर्ट असलेल्यांनाच घेतात, आणि काही विद्यार्थी चेहरा बघूनच पुढे जातात. तो अन्याय आहे. माझ्या खोलीत बसून तो मिटणार नव्हता आणि सुषमाने स्वतःला कितीही बदललं तरी मिटणार नव्हता.

मग जनेलाची पाळी. एका आठवड्यात, एकाच विद्यार्थ्याच्या तासाला, एकच जनेल उघडं. ज्याची सगळ्यात कमी भीती वाटते, तो निवडायचा. तिने ब्राझीलचा मुलगा निवडला. तिथली वेळ आपल्या साडेआठ तास मागे. आपले पाच म्हणजे त्याचे सकाळचे साडेआठ, कामावर जाण्याआधीचा तास. आणि कुणी विचारलं, तर खरं सांगायचं.

पुढच्या भेटीत ती आली ती बोलतच. पोदेर वेळेवर आला, पों-पों झालं, मुलाने विचारलं. "मी सांगितलं, पाव विकणारा आहे, त्याला आम्ही पोदेर म्हणतो. मॅडम, तो उडालाच! म्हणाला, आमच्याकडे पाववाल्याला पादेइरो म्हणतात." साहजिक होतं, दोन्हीकडे पोर्तुगीज नांदून गेलेले. आपला पाव त्यांच्याच भाषेतला, बटाटा तिथेही बटाटाच, आणि जनेल म्हणजे जनेला. मग तिने लॅपटॉप उचलून आंगणातली बोंडं दाखवली. काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगीजांनी इथे आणलेलं. त्या मुलाचं आजोळ ईशान्य ब्राझीलमधलं, जिथे ही झाडं रानोमाळ वाढतात. अख्खा तास त्यातच गेला आणि तो मुलगा त्या दिवशी इंग्रजीत जितकं बोलला, तितकं आधी कधी बोलला नव्हता. सासूबाईंनी कॅमेऱ्यात वाकून एक बोंड धरून दाखवलं.

धडधड एका तासाने गेली नाही. नर्सच्या तासाला दुसरं जनेल उघडायला आणखी तीन आठवडे लागले, आणि मधे एका चाचणी तासाला सगळी पुन्हा बंद झाली होती.

पैशांचा विषय मीच काढला, कारण लाजेची किंमत बहुतेक वेळा तिथेच मोजली जाते. तिला एका आठवड्याचे सगळे तास लिहून आणायला सांगितले. शिकवण्याचे 20, तयारीचे 13, चाचणी तास आणि ताटकळण्याचे 5. दर तासाला 5 डॉलर, म्हणजे 100. त्यातला तिसरा हिस्सा कंपनी कापून घेई, हातात 67. चाचणी तासाचे तर सगळेच पैसे कंपनीचे. 67 ला 38 तासांनी भागलं, तर तासाला पावणेदोन डॉलर. ती कागदाकडे बघत राहिली. दर का नाही वाढवला? "अस्सल नाही ना मी," ती म्हणाली, आणि हे आपण मोठ्याने बोललो हे लक्षात येऊन गप्प झाली.

जूनमध्ये तिने नव्या विद्यार्थ्यांसाठी दर 8 डॉलर केला, जुन्यांसाठी 6. दोघे सोडून गेले. त्यातल्या एकीच्या जाण्याने ती रडली. जपानी अभियंत्यांनी उत्तरात फक्त लिहिलं की शनिवारचा तास दीड तासाचा करता येईल का. तिच्या पानावर आता पहिल्या ओळीत लिहिलंय की ती गोव्यातल्या एका गावात राहते, मराठी आणि कोकणी बोलते आणि इंग्रजी शाळेत शिकली.

शेवटच्या भेटीला ती आली तेव्हा धो-धो पाऊस होता. झोप लागते, घसा सुटलाय. जनेलं पावसाचं पाणी आत येतं म्हणून लावावी लागतात, तेवढीच. पंखा मात्र अजून बंद असतो, कारण त्याची घरघर माइकला खरोखरच लागते. गणपतीची चवथ झाली की भिंतीवरचा बारीक आवाजाचा पंखा आणू, असं नवऱ्याने म्हटलंय.