सगळं समजतं, पण तोंडातून वाक्य निघत नाही

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली २६ वर्षांची मुलगी इंग्रजी बोलणं सुधारायचं म्हणून वहिनीला सोबत घेऊन माझ्याकडे आली होती. शिक्षण बी. कॉम., औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या खरेदी विभागात चार वर्षं नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वरिष्ठ निवृत्त झाले आणि पुरवठादारांशी फोनवर बोलणं, परराज्यातल्या मुख्य कार्यालयाला मेल पाठवणं हे काम तिच्याकडे आलं. त्यानंतरच्या दीड महिन्यात तिने तीनदा रजा घेतली, आणि तिन्ही वेळा तो आढावा बैठकीचा दिवस होता.

“मॅडम, समोरचा काय बोलतो ते सगळं समजतं,” ती म्हणाली. “पण मी इंग्रजीत बोलायला गेले की वाक्यच सापडत नाही. मराठी शाळेतली ना मी.”

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथल्या मुलामुलींकडून हे शेवटचं वाक्य वारंवार ऐकायला मिळतं. त्यात तथ्य आहे, पण त्यांना वाटतं ते नव्हे. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतली मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत बहुतेक ठिकाणी सगळेच विषय इंग्रजीतून सुरू होतात. घरात कोकणी, वाचन मराठी, परीक्षा इंग्रजी. शिक्षक धडा कोकणी-मराठीत समजावतात, इंग्रजी उत्तर फळ्यावर लिहून देतात, मुलं ते उतरवून पाठ करतात. पाचवीपासून पदवीपर्यंत ११ वर्षं असंच चाललं, तर डोळ्यांना आणि कानांना इंग्रजीची सवय होते, पण स्वतःचं वाक्य स्वतः जुळवायची वेळ कधी येतच नाही. खोट मराठी शाळेत नव्हती. उतरवून घेण्याच्या सवयीत होती.

खात्री करायला तिला कालचा दिवस इंग्रजीत दोन मिनिटं सांगायला लावलं आणि तिच्याच मोबाइलवर ते रेकॉर्ड केलं. नऊ वाक्यं झाली, त्यातली चार अर्धवट. मग शब्दांची एक यादी पुढे ठेवली. ढाक्यात इंग्रजी शिकवलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २,००० इंग्रजी शब्दांची यादी छापली होती, त्याच धर्तीची. जवळपास सगळे शब्द तिला ओळखता आले. शब्दसंग्रह वाढवायचं पुस्तक ती विकत घेणार होती, ते थांबवलं. तिला नवे शब्द नको होते, ओळखीच्या शब्दांचे जोडीदार हवे होते: ‘ऑर्डर’बरोबर ‘प्लेस’, ‘इनव्हॉइस’बरोबर ‘रेझ’, ‘डेडलाइन’बरोबर ‘मीट’. सुटा शब्द पाठ केला तर बोलताना त्याच्या आधी काय लावायचं याचा विचार करण्यात वेळ जातो. जोडी पाठ असेल तर अर्धं वाक्य तयारच मिळतं.

त्या रेकॉर्डिंगमधल्या चुका एकत्र मांडल्या तेव्हा दिसलं की बहुतेक सगळ्या मराठी-कोकणीच्या साच्यातून आल्या होत्या. मराठीत ‘पासून’ एकच आहे, म्हणून ‘चार वर्षांपासून काम करते’चं झालं ‘आय ॲम वर्किंग सिन्स फोर इयर्स’. हवं होतं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स’. मुदत सांगायची तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’. आपला ‘च’ इंग्रजीत ‘ओन्ली’ होऊन शेवटी बसतो: ‘आय ॲम फ्रॉम वाळपई ओन्ली’. दिवा ‘बंद’ करतो म्हणून ‘क्लोज द लाइट’. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रश्न. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलावी लागत नाही, ‘माल कधी पाठवणार?’ एवढं पुरतं. त्यामुळे ती पुरवठादाराला विचारायची, ‘यू विल सेंड मटेरियल व्हेन?’

सगळ्या चुका एकदम दुरुस्त करायला बसलं की माणूस पुन्हा गप्प होतो. म्हणून पहिले तीन आठवडे फक्त प्रश्न घेतले, कारण तिच्या कामात दिवसभर प्रश्नच विचारायचे असतात. दहा कार्डं केली, प्रत्येकावर तिच्या कामातला एक प्रश्न मराठीत. ते वाचून इंग्रजीत मोठ्याने विचारायचं, आणि सहायक क्रियापद (‘विल’, ‘हॅव’, ‘इज’) कर्त्याच्या आधी आलं की नाही एवढंच तपासायचं: ‘व्हेन विल यू सेंड द मटेरियल?’, ‘हॅव यू रिसीव्ड अवर ऑर्डर?’, ‘व्हाय इज द रेट हायर धिस टाइम?’ बाकी काहीही चुकलं तरी त्या तीन आठवड्यांत दुर्लक्ष.

ओघ यावा म्हणून चार-तीन-दोनची पद्धत दिली. एकच विषय आधी चार मिनिटं, लगेच तोच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत सांगायचा. तिला चार मिनिटं जड गेली, म्हणून तीन, दोन आणि दीड केली. पहिल्या खेपेला मन ‘काय सांगू’ यात गुंतलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मजकूर ठरलेला असतो, त्यामुळे सगळं लक्ष भाषेकडे जातं आणि अडखळणं कमी होतं. इथे बरेच जण एक चूक करतात: कंटाळा येतो म्हणून दर खेपेला विषय बदलतात. मग प्रत्येक वेळ पहिलीच ठरते.

दुसऱ्या आठवड्यात तिचं सगळं बंद पडलं. तिने रोज रात्री एक तास ठरवला होता, आणि कदंबाची बस बदलून आठला घरी पोचल्यावर अंगात त्राण उरत नव्हतं. त्याऐवजी ती उपशीर्षकं लावून इंग्रजी मालिका बघायची आणि तोच अभ्यास धरायची. मालिका बघण्याने समज वाढते, पण समज तिच्याकडे आधीच होती. वेळ बदलून सकाळची २० मिनिटं ठेवली, घरच्या बाल्कांवात म्हणजे ओसरीवर, चहाच्या आधी, आणि सगळा वेळ तोंड उघडून. वहिनीने तेवढा वेळ स्वयंपाकघरातलं काम आपल्याकडे घेतलं. या मदतीशिवाय पुढचं काही जमलं नसतं.

बोलायला माणूस हवाच. तिच्या विभागात दक्षिण गोव्यातल्या साष्टीची एक सहकारी होती, इंग्रजी सफाईदार, पण देवनागरी वाचताना अडखळणारी. दोघींनी जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं वाटून घेतली: एक दिवस इंग्रजी, एक दिवस देवनागरी वाचन. दोघींना कोकणी येते, त्यामुळे दोन मिनिटांत गप्पा कोकणीत घसरायच्या. म्हणून समोर एखादं बिल किंवा कोटेशन ठेवायचं आणि त्यावर पाच प्रश्नोत्तरं पुरी करायची असं ठरलं. मध्येच चूक दाखवायची नाही. शेवटी दोन सांगायच्या, त्याहून जास्त नाही.

फोनवर तिला भीती आकड्यांची होती, आणि ती रास्त होती. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत इंग्रजी कान जोर कुठे आहे ते ऐकतो: ‘टीन’वर जोर असेल तर पंधरा, ‘फिफ्’वर असेल तर पन्नास. आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने उच्चारतो, म्हणून घोटाळा होतो. तिने आकडा सांगून पुढे अंक सुटे म्हणायची सवय लावली: ‘फिफ्टी, फाइव्ह झिरो’. शिवाय तीन वाक्यं पक्की केली. नीट ऐकू आलं नाही तर ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच द लास्ट पार्ट’. वेळ हवा असेल तर ‘लेट मी चेक अँड कॉल यू बाय फोर’. खात्री करायची असेल तर ‘सो यू आर सेंडिंग फिफ्टी बॉक्सेस ऑन मंडे, राइट?’ समजलं नसताना ‘येस, येस’ म्हणून फोन ठेवण्यापेक्षा यातलं कुठलंही वाक्य बरं.

लेखनाचा प्रश्न वेगळा. तिच्या मेल म्हणजे जुन्या मेलमधली उचललेली वाक्यं. त्यातली एक: ‘विथ रेफरन्स टू द अबव सब्जेक्ट, काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक.’ वाचणाऱ्याने नक्की काय करायचं आणि कधीपर्यंत, हे यात कुठेच नाही. नवा क्रम ठरवला. विषयाच्या ओळीत वस्तू आणि ऑर्डर क्रमांक. पहिल्या वाक्यात मागणी. मग संख्या आणि तारीख. शेवटी मुदत. ‘प्लीज सेंड द रिमेनिंग ४० बॉक्सेस बाय फ्रायडे. वी रिसीव्हड ६० ऑन मंडे. अवर स्टॉक विल लास्ट टिल सॅटर्डे.’ एका मेलमध्ये एकच काम, वाक्यं छोटी. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचायचं. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडायचं.

सरावाला एक जुनी रीत वापरली. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी चांगल्या लेखांतल्या प्रत्येक वाक्याची लहानशी खूण टिपून ठेवायचे, काही दिवसांनी फक्त खुणा पाहून लेख पुन्हा लिहायचे आणि मुळाशी ताडून बघायचे. तिने हे मुख्य कार्यालयाकडून येणाऱ्या नेटक्या मेलवर केलं. खुणा मराठीत, तीन-चार शब्दांच्या. दोन दिवसांनी इंग्रजी मेल स्वतः लिहायची, मग मूळ मेल शेजारी ठेवून फरक वहीत टिपायचा. आठवड्याला दोन मेल.

मोबाइलवरचं एआय वापरू का, हे तिनेच विचारलं. वापरा, पण दुसऱ्या पायरीला. आधी स्वतःचा मसुदा, मग त्याच्याकडून दुरुस्ती, आणि त्यातले दोनच फरक वहीत. सुरुवातच तिथून केली तर पुन्हा फळ्यावरून उत्तर उतरवणं सुरू.

बाराव्या आठवड्यात पुन्हा तोच प्रयोग केला: कालचा दिवस, दोन मिनिटं. या वेळी १९ वाक्यं झाली, अर्धवट दोन. प्रश्नांची रचना आता बोलता बोलता बरोबर येते. ‘सिन्स’ अजून मधूनच डोकावतो, पण तिचा तिलाच कळतो आणि ती वाक्य पुरं करून मग दुरुस्त करते. ‘अ’ आणि ‘द’ यांचा गोंधळ तसाच आहे. मराठीत त्यांना जुळणारं काही नसल्याने ते सगळ्यात शेवटी घ्यायचं आधीच ठरलं होतं. मागच्या आढावा बैठकीला ती हजर राहिली आणि तिने एक प्रश्न विचारला, रखडलेल्या मालाबद्दल. उत्तर नीट ऐकू आलं नाही, तेव्हा तिने तो प्रश्न परत विचारला.